पांच अक्षरांचा शब्द

वाङ्मयविषयक मासिकांत ग्रंथांचें परीक्षण यावें, नाटकांचें यावें, फार झालें तर एखाद्या व्याख्यानमालेचें यावें. पण खेळाचें परीक्षण यावें हें पुष्कळांस विपरीत वाटेल. तथापि ज्या खेळाचें सर्व भांडवल म्हणजे शब्दच, आणि जो खेळ आज अनेक सुशिक्षित घरांतून वर्तमानपत्राच्याहि आधीं उघडला जातो, त्याचा विचार भाषेच्या अभ्यासकानें करावयाचा नाहीं तर कोणी करावयाचा? पांच अक्षरांचा इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखण्याचा जो खेळ 'वर्डल' या नांवानें प्रसिद्ध आहे, त्याविषयीं आणि त्याच्या कुळांतील आणखी एकदोन खेळांविषयीं मला येथें कांहीं लिहावयाचें आहे.

निमित्त घरगुती आहे. माझी एक भाची पुण्यास आमच्याकडे राहून शिकते. सकाळीं चहाचा पेला पुढ्यांत ठेवून ती मोबाईलच्या पडद्यावर हा खेळ मांडते, आणि खेळ सुटेपर्यंत चहा निवून जातो. मध्यंतरीं जुनीं कोडीं सोडवीत असतां तिला चौथ्याच प्रयत्नांत उत्तर सांपडलें: के, एन्, ओ, एल्, एल्. उच्चार 'नोल'. मीं सहज विचारलें, "नोल म्हणजे काय ग?" ती म्हणाली, "तें कुठें ठाऊक आहे, मामा? पण पांचहि घरें हिरवीं झालीं ना!"

ज्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. पांच घरांची एक ओळ, अशा सहा ओळी. खेळणारानें कोणताहि पांचअक्षरी शब्द घालावा. जें अक्षर उत्तरांत त्याच जागीं असेल त्याचें घर हिरवें होतें. जें उत्तरांत आहे पण ज्याची जागा चुकली आहे त्याचें पिवळें. आणि जें मुळींच नाहीं त्याचें करडें. एवढ्या खुणांवरून सहाव्या ओळीच्या आंत शब्द काढावयाचा. यांत अर्थाची खूण कोठेंच नाहीं. शब्दकोड्यांत निदान आडव्या-उभ्या शब्दांच्या सूचना असतात, अर्थाचें बोट धरून चालतां येतें. येथें तेंहि नाहीं. म्हणजे भाचीचें उत्तर नियमास धरूनच होतें. तरीहि तें मला दिवसभर खुपत राहिलें. जी भाषा मीं तीस वर्षें शिकविली तिच्यांतला एक शब्द एका हुशार मुलीनें जिंकला, आणि जिंकतांना त्या शब्दाची व तिची भेटच झाली नाहीं!

या खेळांत पहिला शब्द कोणता घालावा यासंबंधींहि आतां शास्त्र बनलें आहे. पुष्कळ लोक 'अद्यू' हा शब्द घालतात, कारण त्याच्या पांच अक्षरांत चार स्वर येतात. हा फ्रेंचांतून आलेला निरोपाचा शब्द. 'तुला देवाच्या हवालीं करतों' असा त्याचा मूळचा भाव. रोज सकाळीं असंख्य माणसें खेळाच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवतांच निरोप घेतात, आणि आपण काय बोललों याची त्यांस दादहि नसते. अर्थाकडे पाठ फिरविली कीं असें होतें.

आतां अक्षरांकडेच पाहूं. इंग्रजींत बाउ, कॉफ, डो, रफ, टफ असे पांच शब्द आहेत. अर्थ अनुक्रमें फांदी, खोकला, मळलेली कणीक, खडबडीत आणि चिवट. हे पांचहि शब्द एकाच लांबीचे, आणि पहिलें अक्षर सोडलें तर पुढचीं चार अक्षरें – ओ, यू, जी, एच् – पांचांतहि तींच. डोळ्यांना हे सख्खे भाऊ वाटतात. कानाला मात्र शेवटचे दोन सोडले तर एकाचा दुसऱ्याशीं संबंध नाहीं. आमच्या पिढींत मराठी शाळेंतून आलेल्या मुलांना इंग्रजी शब्द आधीं दिसला आणि मग, ऐकूं आलाच तर, ऐकूं आला. पांचवीपासून आम्हीं इंग्रजी शब्द पाठ केले ते अक्षरांच्या माळेसारखे, तालावर. पुढें अकरावीच्या वर्गांत मोठ्यानें वाचतांना मीं 'बाउ'चा 'बफ' केला, 'रफ'च्या धोरणानें, आणि शहरांतल्या शाळांतून आलेलीं मुलें हंसलीं. त्या हंसण्याचा राग मला बरेच दिवस होता. पण खरें पाहतां माझी चूक तर्काची नव्हतीच. मी भाषेपेक्षां अधिक तर्कशुद्ध होतों एवढाच माझा अपराध.

हीं चार अक्षरें अशीं उगीच कां बसलीं आहेत याचा इतिहास मनोरंजक आहे. 'जी-एच्' या जोडीचा पूर्वीं खरोखरच उच्चार होत असे. घशांतून काढलेला, आपल्या 'ख'च्या जवळचा, स्कॉटलंडांतील सरोवराच्या 'लॉख' या नांवांत आजहि ऐकूं येणारा. लाइट, नाइट, राइट या शब्दांचीं जर्मन भावंडें तो अजून उच्चारतात. कॅक्स्टननें 1476 सालीं वेस्टमिन्स्टर येथें छापखाना घातला, आणि त्यानंतरच्या काळांत शब्दांचीं रूपें छापील पानावर थिजत गेलीं. तोंड मात्र आपल्या वाटेनें पुढें चालत राहिलें. घशांतला तो ध्वनि कोठें नाहींसा झाला, कोठें त्याचा 'फ' झाला. शाईंत त्याची खूण तेवढी राहिली. ओस पडलेल्या वाड्याच्या दारावर जुन्या मालकाच्या नांवाची पाटी राहावी, तशी.

'वर्डल' खेळणारांना या पाट्यांचा त्रास चांगलाच ठाऊक आहे. शेवटचीं चार घरें आय्, जी, एच्, टी अशीं हिरवीं झालीं म्हणजे नवखा खेळाडू हर्षित होतो आणि जाणता कपाळाला हात लावतो. कारण फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट असे सात शब्द एकाच दाराशीं रांग लावून उभे असतात, आणि हातीं राहिलेल्या ओळी दोन किंवा तीन. त्यांत 'एट' म्हणजे आठ हा शब्दहि याच वेषांत आलेला. त्याचा स्वर निराळा, पण खेळाला स्वर ऐकूं येत नाहीं. खेळाला तोतयेहि कळत नाहींत. 'डिलाइट' या सात अक्षरी शब्दाचा 'लाइट'शीं कांहीं संबंध नाहीं. तो जुन्या फ्रेंचांतून आला, आणि सोळाव्या शतकांत लोकांनीं केवळ 'लाइट'च्या देखादेखीं त्याच्या अंगावर 'जी-एच्' चढविलें. 'डाउट' म्हणजे संशय. त्यांत जें 'बी' अक्षर आहे तें कोणाच्याहि तोंडून आलें नाहीं. लॅटिनचा अभिमान बाळगणाऱ्या पंडितांनीं तें मागाहून घुसविलें. संशयाच्याच शब्दांत असें संशयास्पद अक्षर असावें, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. असो. सांगावयाचें तें हें कीं, इंग्रजी शब्दांची अक्षरांवरून आणि लांबीवरून जुळविलेली नाती पुष्कळदां शाईचीं असतात, रक्ताचीं नसतात.

आपल्याकडे शब्दांचे खेळ झाले नाहींत असें नाहीं. पण ते बहुधा तोंडाचे. दंडीच्या 'दशकुमारचरितां'त सातव्या उच्छ्वासांत मंत्रगुप्त आपली सारी हकीगत एकहि ओष्ठ्य वर्ण न वापरतां सांगतो. आणि त्याला कारण आहे, प्रियेच्या दंतक्षतानें त्याचे ओंठ दुखावलेले आहेत. मोरोपंतांनीं 'निरोष्ठ रामायण' रचिलें तें याच वळणाचें. ओंठ मिटावे न लागतां बोलावयाचें, हा निर्बंध मुखाचा आहे, लेखणीचा नाहीं. शिवाय आपल्या लिपींत 'स्त्री' हें एकच अक्षर, आणि इंग्रजींतला पांच अक्षरांचा 'लाइट' आपण तीन अक्षरांत लिहितों. तेव्हां पांच घरांचा हिशेब मुळांतच रोमन लिपीचा. मम्मटानें अशा शब्दचमत्कृतीला चित्रकाव्य म्हणून 'अवर' पायरीवर बसविलें. भाचीच्या त्या उत्तरानंतर मीहि 'वर्डल'ला मनोमन त्याच पायरीवर बसवून मोकळा झालों होतों. पुढें विचार करितां तो निकाल मला पुरता टिकवितां आला नाहीं.

प्रथम आठवण झाली ती लुइस कॅरलची. ऑक्सफर्डच्या या गणिताच्या अध्यापकानें 1877 च्या नाताळांत दोन कंटाळलेल्या मुलींकरितां एक खेळ काढला, आणि 1879 च्या मार्चपासून तो 'व्हॅनिटी फेअर' या साप्ताहिकांत 'डब्लेट्स' या नांवानें येऊं लागला. सारख्या लांबीचे दोन शब्द द्यावयाचे; एका वेळीं एकच अक्षर बदलीत, प्रत्येक पायरीवर खरा शब्द ठेवीत, पहिल्यावरून दुसऱ्यावर पोंचावयाचें. डोक्यापासून शेपटीपर्यंत जावयाचें तें असें: हेड, हील, टील, टेल, टॉल, टेल. शेवटच्या 'टेल'ची अक्षरें निराळीं आहेत. कानानें चालणाऱ्या वाचकाची येथें फसगत होते, आणि हा खेळहि डोळ्यांचाच आहे हें सिद्ध होतें. पण कॅरलची करामत मधल्या पायऱ्यांत नाहीं, दोन टोकांत आहे. त्यानें लोकांस डुकराला खुराड्यांत घालावयास सांगितलें आणि वानराचा मनुष्य करावयास सांगितलें. तेंहि डार्विनचा मनुष्याच्या उत्पत्तीवरचा ग्रंथ 1871 मध्यें निघून इंग्लंडांत वाद माजलेला असतांना! वानरापासून मनुष्यापर्यंत मधल्या पांच शब्दांतून अक्षरें आंधळेपणानें चालतात, आणि त्या पांचांत 'चुकणें' या अर्थाचाहि एक शब्द येतो. दोन्ही टोकांना अर्थ उभा आहे म्हणून ती वाट हंसविते. टोकें अर्थशून्य असतीं तर राहिलें असतें तें नुसतें गणित. मंत्रगुप्ताच्या दुखावलेल्या ओठांनीं जें काम केलें तेंच येथें त्या दोन टोकांनीं केलें आहे.

गणितहि अर्थाला चिकटतें याचें एक उदाहरण द्यावयाचा मोह आवरत नाहीं. डोनाल्ड कनूथ या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञानें (यांच्या नांवांतला 'के' मात्र उच्चारला जातो) पांच अक्षरांचे 5,757 इंग्रजी शब्द जमवून, एका अक्षराच्या फरकानें कोण कोणाचा शेजारी होतो, तें संगणकाकडून काढविलें. त्यांपैकीं 671 शब्दांना एकहि शेजारी निघाला नाहीं. या एकाकी शब्दांना त्यांनीं नांव दिलें 'अलूफ', म्हणजे अलिप्त; कारण 'अलूफ' हा पांच अक्षरांचा शब्द स्वतःच त्या 671 पैकीं एक आहे. हें वाचून मला जो आनंद झाला तो कांहीं संख्येचा नव्हता.

याच्या अगदीं उलट टोंकाला स्क्रॅबल हा खेळ जाऊन पोंचला आहे. आल्फ्रेड बट्स या बेकार झालेल्या वास्तुशिल्पज्ञानें मंदीच्या काळांत वर्तमानपत्रांचीं पानें घेऊन कोणतें अक्षर किती वेळां येतें तें मोजलें. ही कल्पना त्याला पो याच्या 1843 मधील 'द गोल्ड-बग' या कथेंतल्या गुप्तलिपीवरून सुचली. 'ई'चे बारा ठोकळे, 'क्यू' आणि 'झेड' यांचा एकेकच पण गुण दहा दहा, हें प्रमाण त्याचें. 'स्क्रॅबल' हें नांव 1948 पासूनचें. खेळ उत्तम आहे, याबद्दल वाद नाहीं. परंतु त्यांतला आजचा सर्वश्रेष्ठ खेळाडू, न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स, यानें 2015 सालीं फ्रेंच भाषेंतील जागतिक अजिंक्यपद मिळविलें, आणि त्याला फ्रेंच बोलतां येत नव्हतें. कांहीं आठवड्यांत त्यानें कोशांतले शब्द पाठ केले, अर्थाशिवाय. 2024 मध्यें स्पॅनिशमध्येंहि त्यानें तेंच केलें. स्मरणशक्तीच्या या पराक्रमापुढें नतमस्तक व्हावें हें खरें. पण मला त्यांत अकरावीच्या वर्गांतला तो 'बफ' म्हणणारा मुलगा दिसतो, फक्त जगज्जेता झालेला. शब्द आपले, अर्थ परका. ज्याला बाजारांत त्या भाषेंत पाव मागतां येत नाहीं, तो त्याच भाषेच्या कोशाचा राजा होतो, ही गोष्ट त्याच्याविषयीं कांहीं सांगत नसली तरी खेळाविषयीं बरेंच सांगते.

आणि येथेंच 'वर्डल'ची जात निराळी ठरते. या खेळाचा जनक जॉश वॉर्डल. आपल्याच आडनांवावर कोटी करून त्यानें हें नांव ठेविलें. खेळ त्यानें आपली सहचारिणी पलक शाह हिच्या करमणुकीसाठीं रचला. इंग्रजींत पांच अक्षरांचे शब्द सुमारें बारा हजार भरले. इतक्या शब्दांतून उत्तर निघूं लागलें तर माणूस वैतागून जाईल, कारण त्यांतले बहुतेक शब्द कोशाबाहेर कोणी पाहिलेलेच नाहींत. तेव्हां ते बारा हजार शब्द एकेक करून त्या बाईंनीं पाहिले आणि आपल्या ओळखीचा कोणता, अनोळखी कोणता, हें ठरविलें. त्यांतून सुमारें अडीच हजार उत्तरें उरलीं. याचें महत्त्व लोकांच्या लक्षांत आलें नाहीं असें मला वाटतें. वरवर जो अक्षरांचा हिशेब दिसतो त्याच्या पोटांत एका व्यक्तीची शब्दांशीं असलेली ओळख भरलेली आहे. खेळणारा नकळत त्या ओळखीचाच अंदाज बांधीत असतो: हा शब्द कोणा सामान्य वाचकाला ठाऊक असेल काय? 'शब्द आहे' आणि 'शब्द ओळखीचा आहे' यांत जो फरक आहे, तोच कोश आणि भाषा यांत आहे. नोव्हेंबर 2021 च्या आरंभीं हा खेळ 90 माणसें खेळत होतीं आणि दोन महिन्यांत तीन लाखांवर गेलीं. तें केवळ हिरव्या-पिवळ्या रंगांमुळें झालें असें मी मानीत नाहीं.

जानेवारी 2022 च्या अखेरीस न्यू यॉर्क टाइम्सनें हा खेळ विकत घेतला. त्यानंतरचा इतिहास म्हणजे हाकलून दिलेला अर्थ मागल्या दारानें कसा परत येतो याची कथाच आहे. त्याच जानेवारींत, विक्रीच्या आधीं, एके दिवशीं 'फेव्हर' हें उत्तर आलें, तें अमेरिकन पद्धतीनें, म्हणजे 'यू' गाळून. इंग्लंडांत केवढा गहजब झाला! पांच घरांत सहा अक्षरें कोंबावयाचीं कशीं, हा प्रश्न कोणी विचारला नाहीं. आपल्या भाषेचा मान गेला हेंच लोकांना लागलें. मग मे महिन्यांत गर्भ या अर्थाचा 'फीटस' हा शब्द उत्तर म्हणून ठरलेला होता. यादी वर्षभर आधीं लागलेली. पण त्याच आठवड्यापूर्वीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या गर्भपातविषयक निर्णयाचा मसुदा बाहेर फुटला, आणि 9 मे रोजीं तोच शब्द पडद्यावर येणार! चालकांनीं घाईनें तो बदलून 'शाइन' घातला. जुनीच प्रत उघडी ठेवलेल्या कांहीं जणांना तो तरी दिसलाच. निव्वळ पांच अक्षरें असतीं तर एवढी धांवपळ कोणी कशाला केली असती?

उत्तरांच्या यादींतून चालकांनीं आणखीहि कांहीं शब्द काढले. गुलाम या अर्थाचा 'स्लेव्ह' काढला, झुंडीनें फांशीं देण्याचा 'लिंच' काढला. याला माझी हरकत नाहीं. चहाच्या वेळीं असला शब्द हिरवा होऊन समोर चमकावा हें शोभत नाहीं, आणि शब्द भाषेंतून कोणी काढलेला नाहीं. पण ग्रीक चौकाचा 'अगोरा' अवघड म्हणून आणि 'फायबर' हा शब्द इंग्लंडच्या वळणाचा म्हणून काढला, हें मला आवडलें नाहीं. जो खेळ एका वाचकाच्या प्रामाणिक ओळखीवर उभा आहे त्यांत मागाहून सोयीनें छाटणी केली कीं त्याचा चेहरा पुसट होतो. त्यांच्या बाजूनें एवढें म्हणावयास पाहिजे कीं, 2022 च्या नोव्हेंबरपासून त्यांनीं शब्द निवडावयास स्वतंत्र संपादिका नेमली. म्हणजे शब्द यंत्रानें नव्हे, मनुष्यानें निवडावयाचा, हें तत्त्व त्यांनीं सोडलें नाहीं.

सर्वांत मौज झाली ती 5 मे 2022 रोजीं. उत्तर होतें 'होमर'. बेसबॉलच्या खेळांत एका फटक्यासरशीं साऱ्या मैदानाला वळसा घालण्याच्या पराक्रमाला अमेरिकन लोक बोलतांना हें नांव देतात. अमेरिकेबाहेरचे लोक चक्रावले, चिडले, आणि मग त्यांनीं जें केलें तें मोठें बोलकें आहे: ते कोशाकडे धांवले. इतके धांवले कीं केंब्रिज कोशानें त्या वर्षाचा शब्द म्हणून 'होमर'चीच निवड केली. घरें हिरवीं झालीं होतीं किंवा हुकलीं होतीं. खेळ संपलेला होता. तरी शब्दाचा अर्थ कळल्यावांचून त्यांना चैन पडलें नाहीं. मम्मटाच्या पायरीवरून 'वर्डल'ला उठवून थोडें वर बसविण्यास मला हाच पुरावा पुरला.

ही हकीगत मीं भाचीला सांगितली. ती म्हणाली, "होमर म्हणजे तुमचा तो ग्रीक आंधळा कवि ना? त्याचा बेसबॉलशीं काय संबंध?" मीं म्हटलें, संबंध नाहीं, पण तुला तो कवि आठवला हें कांहीं थोडें नव्हे. मग गोष्ट पुन्हा 'नोल'वर आली. मीं तिला सांगितलें कीं त्यांतला 'के' एके काळीं स्पष्ट उच्चारीत असत. तिनें दोनतीन वेळां 'क्नोल, क्नोल' असें म्हणून पाहिलें आणि हंसूं लागली. अर्थ मीं सांगितला नाहीं. कोश पुढें केला. लहानसा उंचवटा, गोलसर माथ्याची टेकडी. ती कांहीं वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी रोज संध्याकाळीं चढून जातें ती?" आणि चहा पुन्हा गरम करावयास आंत गेली.